काळा खोल हवा की ग्रे स्वच्छ? इंकजेट प्रोफाइलमध्ये दोन्ही कसे सांभाळायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: पिगमेंट शाईच्या प्रिंटरसाठी स्वतः आयसीसी प्रोफाइल (त्या प्रिंटर आणि कागदावर कुठल्या आकड्याला कुठला रंग पडतो याची नोंद असलेली फाइल) बनवलं. कागद कंपनीच्या तयार प्रोफाइलमध्ये काळा अगदी खोल येतो, पण मधल्या ग्रेवर हिरवट झाक दिसते. स्वतःच्या प्रोफाइलमध्ये ग्रे स्वच्छ येतात, पण काळा धुतल्यासारखा वाटतो. दोन्ही एकाच प्रोफाइलमध्ये मिळतं का?

बहुतेक वेळा मिळतं. त्यासाठी एक हट्ट सोडावा लागतो: अगदी तळाच्या काळ्यापर्यंत ग्रे न्यूट्रलच, म्हणजे रंगाच्या झाकेविना, राहिला पाहिजे, हा. मधल्या टोनमध्ये न्यूट्रल राहा, तळाशी काळ्याला त्याच्या स्वतःच्या रंगाकडे जाऊ द्या, आणि हा प्रवास हळूहळू होईल एवढंच पाहा. खोल काळ्याचा बराचसा निकाल प्रोफाइल बनायच्या आधीच, ड्रायव्हरमध्ये (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) लागलेला असतो. या दोन गोष्टी लक्षात आल्या की बाकीचं काम सरळ आहे.

आधी भांडण कशाचं आहे ते पाहू. प्रिंटरचा सगळ्यात गडद काळा न्यूट्रल असेलच असं नाही. काळ्या शाईला स्वतःची छटा असते, आणि ड्रायव्हर तिच्यासोबत निळी, किरमिजी, पिवळी शाई किती मिसळतो त्यावर तिची दिशा ठरते. समजा, ग्लॉसी कागदावर आरजीबी ०, ०, ० चा पॅच मोजला आणि लॅब पद्धतीत एल ४, ए ०.५, बी उणे २ आलं (एल म्हणजे उजळपणा, ० काळा ते १०० पांढरा; ए म्हणजे हिरवा-लाल आणि बी म्हणजे निळा-पिवळा कल, शून्य म्हणजे झाक नाही). हा किंचित निळसर काळा आहे. आता प्रोफाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने ठरवलं की काळासुद्धा ए शून्य, बी शून्य हवा, तर त्याला एखादा चॅनल शून्यावरून वर उचलावा लागेल, म्हणजे शाई कमी करावी लागेल. काळा न्यूट्रल होईल, पण एल ४ चा ७ होईल. घनतेच्या (जितकी जास्त तितका काळा गडद) भाषेत साधारण २.३५ वरून २.१ वर घसरण. पूर्ण प्रिंटचा जोर त्यात जातो. तुमच्या प्रोफाइलमध्ये नेमकं हेच झालं असावं असा माझा अंदाज आहे.

आणि बदल्यात काय मिळालं? एल ४ वर बी उणे २ ची निळसर छटा डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही. तिथून परत येणारा प्रकाशच अर्ध्या टक्क्याहून कमी असतो. तीच उणे २ ची छटा एल ५० वर असेल तर शेजारच्या ग्रेशी तुलना करताच ओळखू येते. म्हणजे जिथे दिसत नाही तिथली शुद्धता विकत घ्यायला आपण जिथे दिसते ती खोली खर्च केली. माझा स्वतःचा नियम असा आहे: एल २५ ते ८० मध्ये ग्रे काटेकोर न्यूट्रल, २५ च्या खाली सवलत वाढत जाते, आणि १० च्या खाली फक्त दोन गोष्टी तपासायच्या – प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा गडद आहे ना, आणि छटा एकाच दिशेने सरकते आहे ना. छटा आधी हिरवट, मग किरमिजी, मग निळी अशी उड्या मारत असेल तर मात्र ते डोळ्याला लगेच खुपतं, प्रत्येक आकडा लहान असला तरी.

आता ड्रायव्हरकडे. आपण आरजीबी प्रोफाइल बनवतो तेव्हा शायांची विभागणी आपल्या हातात नसते. किती काळी, किती फिकी काळी, एकूण किती शाई, काळी कुठल्या टोनपासून सुरू होणार, हे सगळं मीडिया टाइपच्या, म्हणजे ड्रायव्हरमधल्या कागदाच्या प्रकाराच्या, निवडीतून ठरतं. प्रोफाइल त्या विभागणीवर बसतं, तिला बदलू शकत नाही. ०, ०, ० ला कागदावर जो काळा पडतो त्यापेक्षा खोल काळा जगातलं कुठलंच प्रोफाइल देणार नाही. म्हणून प्रोफाइलचा चार्ट (मोजायच्या रंगीत पॅचचा तक्ता) छापण्याआधी रंगव्यवस्थापन पूर्ण बंद ठेवून एक साधी ग्रे पट्टी छापा: ० पासून ४० पर्यंत दर २ किंवा ३ ला एक पायरी, पुढे दर ५ ला. तुमच्या कागदाला जवळचे वाटणारे दोन-तीन मीडिया टाइप घ्या, प्रत्येकावर हीच पट्टी छापा, वाळू द्या आणि मोजा.

या पट्टीत जे दिसतं ते पुढच्या सगळ्या कामाचा पाया आहे. एलचा आलेख ० च्या दिशेने सतत खाली जायला हवा. मॅट कागदावर पुष्कळदा असं होतं की १२ किंवा १५ ची पायरी सगळ्यात गडद असते आणि ० ची पायरी तिच्यापेक्षा उजळ. शाई जास्त झाली, कागदाच्या थराने ती सामावून घेतली नाही. अशा पायावर प्रोफाइल बनवलं तर शॅडोमध्ये, म्हणजे गडद भागात, एकाच एलसाठी दोन उत्तरं तयार होतात आणि सॉफ्टवेअर कधी हे उत्तर उचलतं, कधी ते. तिथे ड्रायव्हरमधली शाईची घनता ५ ते १५ टक्के कमी करा किंवा कमी शाईचा मीडिया टाइप घ्या. शाई कमी केल्यावर काळा अधिक गडद मोजला जातो हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटतं, पण कारण हे आहे.

कागदाप्रमाणे काळी शाई बरोबर निवडली आहे का, तेही इथेच बघा. फोटो ब्लॅक मॅट कागदावर फिका पडतो; मॅट ब्लॅक ग्लॉसीवर धरत नाही, बोटाने पुसला जातो. मॅट ब्लॅकने चांगल्या मॅट कागदावर एल १६ च्या आसपास, म्हणजे सुमारे १.७ घनता, हे समाधानकारक आहे. ग्लॉसी किंवा बरायटा कागदावर एल ३ ते ५ ची अपेक्षा ठेवा. मॅटकडून ग्लॉसीचा काळा मागू नका, ते कागदाच्या पृष्ठभागाचं भौतिक बंधन आहे.

मीडिया टाइप निवडताना फक्त सगळ्यात खोल काळा कोणता देतो हे पाहू नका. ए आणि बीचे आलेखही बघा. काही सेटिंगमध्ये ग्रे एका ठरावीक पायरीला अचानक वळण घेतो. बऱ्याचदा ही ती जागा असते जिथे ड्रायव्हर काळी शाई आत आणतो. ग्रे सुरुवातीला तिरका असला तरी चालेल, प्रोफाइल तो सरळ करेल. पण अचानक तुटणारा ग्रे प्रोफाइलला पूर्ण सरळ करता येत नाही. एल अर्ध्या एककाने कमी खोल पण आलेख गुळगुळीत असलेलं सेटिंग मिळालं, तर मी तेच घेतो.

चार्टबद्दल जरा सविस्तर, कारण घरी बनवलेली बहुतेक प्रोफाइल्स इथेच अडखळतात. ७२९ पॅचचा चार्ट मोठा वाटतो, पण तो ९ गुणिले ९ गुणिले ९ चा साचा असतो. म्हणजे ग्रेच्या अक्षावर फक्त ९ पॅच, जवळपास ३२ च्या अंतराने. ० आणि ३२ च्या मध्ये सॉफ्टवेअरकडे ग्रेबद्दल काहीच माहिती नाही. सगळ्या खोल शॅडो त्या एका टप्प्यात आहेत आणि तिथे केवळ अंदाजाने रेष ओढली जाते. पॅच १७२८ केले, म्हणजे १२ चा साचा, तरी ग्रेवर १२ च पडतात. कागद आणि वेळ वाया जातो, प्रश्न तिथेच राहतो.

त्यापेक्षा साचा मध्यम ठेवा आणि ग्रेसाठी वेगळे पॅच घाला. तेही फक्त आर, जी, बी समान असलेले घालून भागत नाही. तुमच्या प्रिंटरचा खरा न्यूट्रल कदाचित ६०, ५७, ६३ वर असेल, म्हणून अक्षाभोवतीचा ढग मोजायला हवा: प्रत्येक ग्रे पातळीला एकेक चॅनल थोडा वर, थोडा खाली करून. शॅडोमध्ये पातळ्या दाट ठेवा. आर्गिल हे प्रोफाइल बनवायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याच्या टारजेन या चार्ट बनवणाऱ्या भागात ग्रे पायऱ्यांची संख्या वेगळी सांगता येते, शिवाय आधी बनवलेलं कच्चं प्रोफाइल देता येतं, त्यामुळे दुसऱ्या फेरीतले पॅच तुमच्या प्रिंटरच्या खऱ्या वागण्यानुसार वाटले जातात. ही दोन फेऱ्यांची पद्धत मला सगळ्यात भरवशाची वाटते. पहिली फेरी लहान चार्टची, दुसरी नेमकी.

मापनात गडद पॅच सगळ्यात नाजूक. एल ४ चा पॅच अर्धा टक्का प्रकाशही परत देत नाही, त्यामुळे स्पेक्ट्रोचा (रंग मोजणाऱ्या यंत्राचा) स्वतःचा गोंगाट ए आणि बीमध्ये सहज मिसळतो. चार्ट वाळायला किमान २४ तास द्या. मग दोनदा, शक्य असल्यास तीनदा मोजून सरासरी घ्या. रंगीत, उजळ पॅचना याचा फारसा फायदा होत नाही, काळ्यांना होतो. ध्रुवीकरण गाळणी लावलेली एम३ पद्धत टाळा: आकडे सुंदर खोल येतात, पण प्रिंट बघणाऱ्याच्या डोळ्यावर ती गाळणी नसते.

आता प्रोफाइलच्या आतल्या टेबलांविषयी. प्रोफाइलमध्ये दोन दिशांची टेबलं असतात. एक आरजीबीवरून लॅबकडे नेतं, दुसरं लॅबवरून आरजीबीकडे. छापताना दुसरं, म्हणजे उलट टेबल कामाला येतं. त्याच्या जाळीत प्रत्येक अक्षावर ३३ बिंदू असतील तर ए आणि बीच्या दिशेने दोन बिंदूंमधलं अंतर साधारण ८ एकक होतं. १७ बिंदू असतील तर १६. तळाशी, एल ५ च्या आसपास, प्रिंटरचा संपूर्ण रंगविस्तारच काही एककांचा उरतो. म्हणजे न्यूट्रल अक्षाच्या शेजारचे सगळे बिंदू प्रिंटरच्या आवाक्याबाहेरचे. त्यांना सॉफ्टवेअरने कुठेतरी ओढून बसवलेलं असतं, आणि आपला गडद ग्रे त्या ओढलेल्या बिंदूंच्या सरासरीतून निघतो. मोजमाप उत्तम असूनही शॅडोत झाक येते त्याचं हे मोठं कारण आहे. उपाय सोपा: टेबलाचा दर्जा नेहमी वरचा निवडा. आर्गिलच्या कोलप्रॉफ या प्रोफाइल बनवणाऱ्या भागात मोजणीतलं सरासरी विचलन सांगायचा पर्याय आहे, मूळ किंमत ०.५ टक्के, शॅडोचा आलेख दातेरी दिसत असेल तर ती थोडी वाढवा, गुळगुळीतपणा वाढतो.

आर्गिलच्या प्रोफचेकसारखी तपासणी पहिल्या दिशेचं टेबल मोजमापाशी किती जुळतं ते सांगते. तो आकडा छान आला म्हणजे छापील ग्रे छान येतील असं नाही, कारण छपाई उलट टेबलातून होते. आकड्यावर विसंबू नका, छापून मोजा.

तुमच्या तक्रारीचं निदान करायला एका मिनिटाची चाचणी आहे. फोटोशॉपमध्ये शुद्ध काळा, लॅब ०, ०, ० असलेली फाइल घ्या, तुमच्या प्रिंटर प्रोफाइलमध्ये रूपांतर करा आणि आरजीबी आकडे वाचा. ०, ०, ० किंवा त्याच्या अगदी जवळ आलं तर प्रोफाइल पूर्ण काळा वापरतं आहे आणि दोष ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये आहे. १४, ९, ० असं काही आलं तर प्रोफाइलने न्यूट्रलसाठी खोली सोडली आहे. मॅट कागदावर शाई जास्त पडून उलटणाऱ्या काळ्याची जी गोष्ट वर सांगितली, तिच्यातही असे आकडे येतात, म्हणून ग्रे पट्टीचं मोजमाप हाताशी ठेवूनच निष्कर्ष काढा. हीच चाचणी कागद कंपनीच्या प्रोफाइलवर करा. तिथे बहुधा सरळ ०, ०, ० मिळेल, आणि काळ्याचं रहस्य उलगडेल. त्यातल्या हिरवट ग्रेचं कारण वेगळं असतं: ते प्रोफाइल दुसऱ्या यंत्रावर बनलेलं असतं. मधला ग्रे फिक्या शायांच्या छोट्या प्रमाणांवर उभा असतो, त्यामुळे दोन यंत्रांमधला जरासा फरकही तिथे लगेच झाक बनून दिसतो, काळ्यात नाही.

प्रोफाइल खोली सोडत असेल तर काय करायचं? काही सॉफ्टवेअरमध्ये ग्रे कितपत न्यूट्रल करायचा याचा सरकता पर्याय असतो. तो टोकाला नेऊन ठेवू नका, मागे आणा आणि प्रत्येक वेळी काळ्याची चाचणी पुन्हा करा. काळा पुन्हा खोल झाला, मधला ग्रे अजून न्यूट्रल आहे, अशी जागा सहसा सापडते.

ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन हा या चित्राचा दुसरा अर्धा भाग. रिलेटिव्ह कलरिमेट्रिक या इंटेंटमध्ये (छापताना रंग प्रिंटरच्या आवाक्यात कसे बसवायचे याचा एक पर्याय) ते बंद ठेवलं तर प्रिंटरच्या काळ्याखालचं सगळं एकाच काळ्यात कोसळतं. एल १६ चा मॅट काळा असेल तर एसआरजीबीमध्ये साधारण ४० च्या खालचे सगळे टोन एक होतात. एल ४ च्या ग्लॉसीवर १४ च्या खालचे. काळे केस, गडद कापड, रात्रीचं आकाश, सगळं तिथेच राहतं. कॉम्पेन्सेशन चालू केलं की मूळ फाइलचा काळा प्रिंटरच्या काळ्यावर आणून बसवला जातो आणि मधले टोन प्रमाणात दाबले जातात. ही पद्धत आयएसओ १८६१९ या २०१५ च्या मानकात लिहिलेली आहे. तिच्यात काळ्या बिंदूचे ए आणि बी शून्य धरले जातात, हिशोब फक्त उजळपणाचा होतो. म्हणून कॉम्पेन्सेशनने शॅडोचे तपशील वाचतात, पण काळ्याची झाक जात नाही आणि येतही नाही. झाक शोधायची तर उलट टेबलात शोधा.

परसेप्चुअल या दुसऱ्या इंटेंटमध्ये हे दाबणं प्रोफाइलच्या आतच भरलेलं असतं आणि प्रत्येक सॉफ्टवेअरचा वळणाचा स्वभाव निराळा. मॅट कागदावर चांगलं परसेप्चुअल टेबल शॅडोत जास्त जीव ठेवतं असं मला दिसतं. ग्लॉसीवर मी कॉम्पेन्सेशनसह रिलेटिव्ह वापरतो. दोन्ही छापा आणि स्वतः बघा.

कागदाचा पांढराही ग्रेला ओढतो. पांढरेपणा वाढवणारी, अतिनील किरणांनी निळसर चकाकणारी रसायनं घातलेल्या कागदाचा बी उणे ८ सुद्धा असू शकतो. रिलेटिव्ह इंटेंटमधला न्यूट्रल ग्रे त्या पांढऱ्याच्या नात्याने न्यूट्रल असतो, आणि ते योग्यच आहे, कारण डोळा कागदाच्या कडेशी जुळवून घेतो. पण शाईच्या थराखाली ती चकाकी दबते, म्हणून एम१ ने, म्हणजे अतिनील धरून, मोजल्यावर मधला ग्रे कागदाच्या तुलनेत पिवळसर भासतो आणि प्रोफाइल त्यात निळं घालतं. प्रिंट ज्या दिव्याखाली लागणार त्यात अतिनील किरण नसतील तर कागद शांत होतो आणि ग्रे निळसर उरतो. अशा जागेसाठी एम२, म्हणजे अतिनील गाळून मोजलेलं प्रोफाइल, जास्त सुखाचं ठरतं. सर्वात चांगलं म्हणजे महत्त्वाच्या कामाला अशी रसायनं नसलेला कागद.

दिवा बदलला की ग्रे बदलतो, याचं आणखी एक मूळ शायांमध्ये आहे. निळी, किरमिजी, पिवळी मिसळून बनलेला ग्रे डी५० या प्रमाणित दिवसाच्या प्रकाशाखाली निर्दोष असून पिवळ्या बल्बखाली झाक दाखवू शकतो. काळ्या आणि फिक्या काळ्या शायांनी बनलेला ग्रे खूप स्थिर राहतो. २००५ मध्ये एप्सनने तीन काळ्यांची के३ मालिका आणली ती याच गरजेतून. तुमच्या स्पेक्ट्रोच्या वर्णपटाच्या नोंदी असतील तर त्याच नोंदींवरून डी५० आणि ए (पिवळ्या बल्बच्या प्रमाणित) प्रकाशाखालचं लॅब काढून ग्रेच्या पायऱ्यांची तुलना करा. फरक मोठा असेल तर तो प्रोफाइलने भरून निघणार नाही, मीडिया टाइप किंवा छपाईची पद्धत बदलावी लागेल.

शेवटची तपासणी अशी करा. लॅबमध्ये ए आणि बी शून्य असलेली, एल ० ते १०० ची पायऱ्यांची पट्टी बनवा, तुमच्या नेहमीच्या इंटेंटने प्रोफाइलमधून छापा, एक दिवस वाळवा, मोजा. कागदाच्या पांढऱ्याच्या तुलनेत मधल्या टोनमध्ये ए आणि बी १ च्या आत असतील तर काम उत्तम झालं. २ च्या पुढे गेले तर अक्षाभोवतीचे पॅच वाढवून दुसरी फेरी करा. काळ्याची पायरी तुमच्या पहिल्या, रंगव्यवस्थापनाशिवाय छापलेल्या पट्टीतल्या सगळ्यात गडद पायरीशी ताडून बघा. दोन्हींतला एलचा फरक अर्ध्या एककाच्या आत असायला हवा. मग डोळ्यांनी बघा, साधारण ५०० लक्सच्या उजेडात. २००० लक्सच्या तपासणी कक्षात शॅडो जास्त उघड्या दिसतात आणि घरी लावल्यावर त्याच प्रिंटच्या शॅडो बंद वाटतात.

निव्वळ कृष्णधवल कामासाठी मात्र मी हा सगळा खटाटोप आरजीबी प्रोफाइलवर करत नाही. एप्सनचा अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट मोड किंवा क्वाडटोन रिप (रिप म्हणजे ड्रायव्हरच्या जागी शायांची विभागणी करणारं सॉफ्टवेअर) मुख्यतः काळ्या शायांवर चालतात, रंगीत शाई फक्त छटेपुरती येते, त्यामुळे काळा खोल आणि ग्रे स्थिर हे दोन्ही सहज जमतं. त्यासाठी २१ किंवा ५१ पायऱ्यांची पट्टी मोजून फक्त उजळपणाचं ग्रे प्रोफाइल बनवायचं. आणि रंगीत प्रोफाइलमध्ये सगळं करूनही एल २० ते ३० मध्ये ती एक उडी राहिलीच, तर ती ड्रायव्हरच्या काळ्या शाईच्या सुरुवातीची आहे हे मान्य करा आणि शायांची विभागणी स्वतःच्या हातात देणारा रिप घ्या. तिथे काळी शाई कुठून आणि किती वेगाने आत आणायची ते तुम्हीच ठरवता, आणि प्रोफाइलचं काम मग निम्म्याने हलकं होतं.